समान संधीचं धोरण लिहायचंय, नेटवरून उचललेलं चालत नाहीये

कॉलशीट (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मी मालिका बनवणाऱ्या एका कंपनीत प्रॉडक्शन कोऑर्डिनेटर आहे. कंपनी म्हणजे अंधेरीत दोन खोल्या, पगारावर चौदा माणसं आणि घोडबंदर रोडच्या सेटवर शिफ्टच्या हिशोबाने येणारी ऐंशी-नव्वद. आजवर चॅनेलसाठी रोजच्या मालिका केल्या. आता एका परदेशी ओटीटीचं आठ भागांचं काम मिळू घातलंय. करारापूर्वी त्यांनी ढीगभर कागद मागितलेत, त्यात एक ‘इक्वल ऑपॉर्च्युनिटी अँड अँटी-रेसिझम पॉलिसी’. सर म्हणाले, "नेटवरून उचल, आपलं नाव टाक आणि पाठव."

उचलली. ब्रिटनमधल्या कुठल्यातरी कंपनीची होती. वय, अपंगत्व, लिंगबदल, लग्न, गरोदरपण, वंश, धर्म, लिंग, लैंगिक कल अशी नऊ नावं, त्यांवरून भेदभाव करणार नाही म्हणून. दोनदा वाचली. ‘जात’ कुठे दिसेना. शब्द टाकून शोधलं, शून्य. मग गेल्या दोन वर्षांत आमच्याच सेटवर काय काय झालं ते आठवत बसले आणि पाठवायची राहिलीच.

मागच्या मालिकेतली नायिका पाड्यावरची होती, जव्हारकडची. चॅनेलचं ब्रीफ आलं, ‘सावळी पण गोड.’ ऑडिशनला खरोखरच जव्हारची एक मुलगी आली, नाटक शिकलेली. दोन पानांचा सीन तिने असा केला की कॅमेऱ्यावरचा पोरगा कट म्हणायचं विसरला. क्रिएटिव्हकडून निरोप आला, "रंग बरोबर आहे, पण फेस टीव्हीचा नाही." तिला नायिकेच्या मैत्रिणीचं काम देऊ केलं, चार दिवसांचं. नायिका झाली पुण्याची एक गोरी मुलगी. गुणी आहे, कष्टाळू आहे, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण रोज सकाळी तिला पाऊण तास बसवून तीन शेड खाली आणायचं. तोंड, मान, कोपरापर्यंत हात, घोट्यापर्यंत पाय. कानामागचं हमखास राहून जायचं. दुपारी घाम आला की मानेवरचा रंग ब्लाऊजच्या काठाला उतरायचा. ड्रेसदादा वैतागले, म्हणून एकाच कापडाचे चार ब्लाऊज शिवून घेतले. बिल माझ्याकडे आलं, ‘ब्लाऊज नग चार, रंग लागत असल्यामुळे.’ मी सही केली. तेव्हा काही वाटलंही नाही, बिल बरोबर होतं.

दुसरं. बदलापूरहून पहिल्या लोकलने येणारा एक नवा स्पॉट मुलगा होता, सेटवर चहापाणी बघणारा. सेटवर गणपती बसवायचे ठरले आणि वर्गणीच्या यादीत सगळ्यांची आडनावासकट नावं लागली. त्यानंतर आमच्या एका ज्येष्ठ कलाकार बाईंनी त्याच्या हातचा चहा घेणं बंद केलं. भांडण नाही, वावगा शब्द नाही. "माझा चहा मेकअपदादा आणतील," एवढंच. तिसऱ्या दिवशी सगळ्या सेटला समजलं. आणि मी काय केलं? त्याची ड्यूटी जनरेटर व्हॅनकडे लावली. शूट अडायला नको म्हणून. का, ते त्याने विचारलंही नाही.

आमची हेअरड्रेसर मणिपूरची आहे. वॉकीवर तिला ‘मोमो’ म्हणतात. ती हसते. ‘ती हसते ना, मग झालं,’ हे कुणालातरी मीच म्हणाले होते.

तर विचारायचंय ते असं. जात या कागदात कशी घालतात? रंग वंशात मोडतो का? कायद्याने आम्हाला नेमकं काय बंधनकारक आहे? आणि असं काय लिहू, की जे उद्याच्या कॉलशीटवर, म्हणजे शूटच्या रोजच्या पत्रकावर उतरेल?

स्पष्टवक्ता

राग मानू नका ताई, पण चौदा माणसांच्या कंपनीत कसली आलीये पॉलिसी! ओटीटीवाल्यांना कागद हवाय, कागद द्या. हे धंद्याचं क्षेत्र आहे, टीआरपी पडला की सगळेच घरी. पात्राला शोभेल तोच नट घेणार ना? उद्या म्हणाल शिवाजी महाराजांच्या भूमिकेसाठीही सगळ्यांना समान संधी. ज्याच्यात गुण आहेत तो वर येतोच.

पावडरपफ

स्पष्टवक्ता, जव्हारच्या पोरीत गुण होते की. कट म्हणायचं विसरले लोक. वर कुठे आली?

कॉलशीट ताई, मी छत्तीस वर्षं या लाइनीत आहे. युनियनचं कार्ड हेअरड्रेसरचं, हात मेकअपचा. नव्या पोरींना खोटं वाटतं, पण या मुंबईत बाईला मेकअपमनचं कार्डच मिळायचं नाही. बायकांनी केस करायचे, तोंडाला हात पुरुषांनी लावायचा. मी व्हॅनिटीचं दार लावून हिरोइनचा मेकअप करायचे. तपासणीला युनियनची माणसं आली की ब्रश तिच्या पर्समध्ये आणि माझ्या हातात कंगवा. एकदा अर्धी भुवई झालेली, तशीच बाहेर गेली बिचारी.

मग मेकअप करणारी चारू खुराना आणि आणखी काही जणी सुप्रीम कोर्टात गेल्या. निकाल लागला नोव्हेंबर २०१४ मध्ये, न्या. दीपक मिश्रा आणि न्या. उदय लळित यांच्यापुढे. बायकांना बंदी घालणारा युनियनचा नियम गेला, महाराष्ट्रात पाच वर्षं राहिल्याचा दाखला मागायची अटही गेली. आता हिशोब करा. दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई गोखले, आई नि लेक, पडद्यावर आल्या १९१३ मध्ये. बाईचं तोंड पडद्यावर यायला १९१३ आणि त्या तोंडाला बाईने उघडपणे रंग लावायला २०१४. शंभरावर एक वर्ष. आपोआप झालं असतं तर एवढा वेळ लागला असता का?

रंगाचं सांगते. गोरीला खाली आणायचं काम मी पण केलंय, पैसे घेतलेत. पण त्याहून जास्त वेळा उलटं केलंय, सावळीला वर न्यायचं. प्रॉडक्शनच्या मेकअप बॉक्समध्ये बेस असतात ते सगळे गोऱ्या आणि गव्हाळ तोंडाचे. सावळ्या मुलीला तोच फासला की चेहरा राखाडी दिसतो, चुलीतली राख उडाल्यासारखा. मग डीओपी, म्हणजे मुख्य कॅमेरामन ओरडतो, हिला लाइट लागत नाही. लाइट लागतो हो, बेस चुकीचा आहे. म्हणून या मुली स्वतःचा बेस स्वतःच्या पैशाने घेऊन येतात. गोऱ्या मुलीला मेकअप फुकट आणि सावळीला पदरचा खर्च, हे कुणाच्या बजेटमध्ये दिसत नाही. तुमच्या त्या कागदात हे एक वाक्य घाला: प्रत्येक कलाकाराच्या रंगाचा बेस कंपनीने आणायचा. दीड-दोन हजाराचा मामला आहे, चार ब्लाऊजांपेक्षा स्वस्त.

पुढची_तारीख

कायद्याचं विचारलंय म्हणून आलो. मी कामगार न्यायालयात वकिली करतो.

घटनेतलं कलम १५ आणि १६ ऐकून सगळ्यांना वाटतं, नोकरीत भेदभावाला सरसकट बंदी आहे. ती बंदी मुख्यतः सरकारवर आहे. खासगी कंपनीने रंगावरून किंवा आडनावावरून काम नाकारलं तर सगळ्यांना एकसारखा लागू पडेल असा एकच एक कायदा आपल्याकडे नाही. नोकरीतल्या भेदभावाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १११ क्रमांकाचा करार भारताने १९६० मध्येच मान्य केला आहे, त्यात वंश आणि रंग दोन्ही वेगवेगळे नावाने लिहिलेत. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथून उचला: रंग वेगळा लिहा, वंशात कोंबू नका. देशात कायदा अपुरा आहे म्हणूनच तुमचं धोरण म्हणजे नुसता कागद नव्हे. काही बाबतींत तोच काय तो नियम.

बाकी सगळं तुकड्यातुकड्याने आहे. कलम १७ अस्पृश्यतेला बंदी घालतं, आणि ते सरकारपुरतं नाही, तुम्हाआम्हालाही लागू आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून काम करू न देणं हा १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याखाली गुन्हा. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला चारचौघांत जातीवरून शिवी दिली की १९८९ चा ॲट्रॉसिटीचा कायदा. तुमच्या चहाच्या प्रकरणात कोर्टात काय टिकलं असतं ते पुराव्यावर गेलं असतं. बाई तोंडीच बोलल्या. ड्यूटी बदलल्याचं मात्र तुमच्या कॉलशीटवर आहे, तुमच्या सहीने. ताई, बोचेल, पण हे तुम्हाला माहीत असलेलं बरं.

दहा किंवा जास्त माणसं असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवीच, कायदा २०१३ चा. त्यात रोजंदारीवरचे, ठेकेदारामार्फत आलेले सगळे धरायचे, आणि आउटडोअरचं लोकेशनसुद्धा कामाची जागाच. ‘आम्ही चौदाच’ हे तिथे चालत नाही. तृतीयपंथीयांना नोकरीत डावलायला २०१९ च्या कायद्याने बंदी आहे, खासगी आस्थापनांनाही. आणि गंमत म्हणजे ‘समान संधी धोरण’ असा थेट उल्लेख आहे तो २०१६ च्या अपंगांच्या कायद्यात, कलम २१. ते प्रत्येक आस्थापनेने जाहीर करायचं. वीस किंवा जास्त माणसं असतील तर कोणती पदं, कोणत्या सोयी, संपर्क अधिकारी कोण, हे सगळं लिहायचं. तुमच्या सेटवर व्हीलचेअर जाईल असा एक तरी संडास आहे का?

कॉलशीट

नाही.

चालणाऱ्या बायकांसाठीच दोन आहेत, त्यातल्या एकाला कडी नाही. लिहून घेतलं.

ईलिंगकर

लंडनहून. मी इथे सोहोमध्ये पोस्ट-प्रॉडक्शनला आहे, एडिटिंग.

तुम्ही उचललेली नऊ नावं इथल्या २०१० च्या इक्वॅलिटी ॲक्टमधली आहेत. जात त्यात का नाही, तर तो एक वेगळाच तमाशा. २०१३ मध्ये पार्लमेंटने सांगितलं, जात घाला. सरकारने सल्लामसलत केली, आपल्याच लोकांच्या काही संस्थांनी कडाडून विरोध केला, आणि २०१८ मध्ये सरकारने जाहीर केलं की घालणार नाही, कोर्टाच्या निकालांवर भागवू. निकाल कुठला? बिहारमधल्या आदिवासी कुटुंबातली एक बाई मिल्टन कीन्सला घरकामाला आणली होती, ताशी ११ पेन्स हातात पडायचे. २०१४ मध्ये अपील ट्रिब्युनल म्हणालं, जात ही ‘वांशिक मूळ’ या शब्दांत बसू शकते. पुढच्या वर्षी तिला १ लाख ८३ हजार पौंडांहून जास्त देण्याचा आदेश झाला. त्यामुळे इथल्या मसुद्यात जात नाही यावरून ती इथे नाही असं समजू नका. आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या गप्पा ऐका एकदा.

तोंडाला रंग फासण्याबद्दल. बीबीसीवर १९५८ पासून १९७८ पर्यंत, तब्बल वीस वर्षं, गोरे गायक तोंड काळं करून गाणी म्हणायचे. शनिवार संध्याकाळचा घरोघरी बघितला जाणारा कार्यक्रम. १९६७ मध्ये तो बंद करा म्हणून अर्ज गेला, त्यानंतरही अकरा वर्षं चालला. तेव्हाही उत्तर हेच होतं की लोकांना आवडतं.

आणि इथे सगळं सुधारलंय असंही नाही. २००१ मध्ये बीबीसीचे महासंचालक ग्रेग डाईक स्वतःच जाहीरपणे म्हणाले की आमची संस्था किळस यावी इतकी गोरी आहे. त्यानंतर फॉर्म आले. मी दर कामाला फॉर्म भरतो: वंश कोणता, अपंगत्व आहे का. भरायला हरकत नाही. पण नऊ वर्षं झाली, भारतावरचा कुठलाही कार्यक्रम आला की माझ्याच टेबलावर येतो आणि बागकामाचा एकही येत नाही. मला बागकाम आवडतं हो. फॉर्ममध्ये मी मोजला जातो, काम कुणी वाटायचं ती खुर्ची तिथेच. तुमच्या कागदात ‘आम्ही विविधतेचं स्वागत करतो’ हे वाक्य असेल तर आधी ते उडवा. त्या वाक्याने आजवर कुणाचं काही बिघडवलेलं नाही, म्हणूनच ते सगळ्यांना आवडतं.

दुसरा_एडी

मी परभणीचा. आता एका मालिकेवर सेकंड एडी, म्हणजे दुसरा सहायक दिग्दर्शक आहे. सगळे ऑडिशनचं बोलताहेत, मी त्याच्या अलीकडचं सांगतो.

आमच्याकडे काम निघालं की जाहिरात येते का? नाही. ईपी (कार्यकारी निर्माता) फोन लावतो, "अरे, कुणी पोरगा आहे का, उद्यापासून?" ज्याला फोन लावला तो आपल्या ओळखीचा देतो. ओळखीचा म्हणजे कोण? त्याच्या कॉलेजचा, त्याच्या एकांकिकेच्या ग्रुपचा, त्याच्या सोसायटीतला. कुणी जात विचारत नाही. विचारायची गरजच पडत नाही. माझा नंबर एकाकडे होता कारण मी दादरला त्याच्या मावशीच्या मेसला जेवायचो. मेस दुसरी असती तर मी आज परभणीत मोबाइलचं दुकान टाकून बसलो असतो.

बरं, लागलो कामाला. पहिले तीन महिने पैसे नाहीत. "शिकायला मिळतंय ना?" मिळत होतं. पण मुंबईत तीन महिने पगाराविना कोण राहू शकतं? ज्याचं पार्ल्यात नाहीतर ठाण्यात घर आहे तो. माझ्या वडलांनी सोयाबीनची पट्टी आली त्यातले पैसे पाठवले. माझ्याबरोबर नांदेडचा एक होता, माझ्यापेक्षा हुशार. कंटिन्युइटीत, म्हणजे आधीच्या शॉटशी मेळ घालताना, बांगडी कुठल्या हातात होती ते फोटो न बघता सांगायचा. दुसऱ्या महिन्यात परत गेला. त्याला कुणी काढलं नाही हो. तो परवडला नाही स्वतःलाच. तुमच्या ओटीटीवाल्यांच्या कुठल्या रकान्यात बसतो तो?

आणि बोलण्याचं. मी ‘पानी’ म्हणालो की सगळा सेट हसायचा. मग एकदा गावाकडचा ट्रॅक आला. आता मी भाषेचा तज्ज्ञ! "बाबा, जरा यांच्याकडून डायलॉग बोलून घे, तुमच्यासारखं." पंचवीस दिवस तीन नटांना मराठवाडी शिकवली. क्रेडिट नाही, जादा पैसा नाही. वरून नट चॅनेलच्या मुलाखतीत सांगतो, मी या बोलीचा खूप अभ्यास केला.

मला वाटतं सगळ्यात आधी फुकट राबवणं बंद करा. बाकीचं मागाहून लिहिलंत तरी चालेल.

स्पष्टवक्ता

एडी, तुमचं फुकट कामाचं पटलं. माझ्या पुतण्याने हेच सोसलंय. पण पात्राचं काय? मोलकरीण आहे तर मोलकरणीसारखी दिसायला नको?

पावडरपफ

मोलकरीण कशी दिसते हो? माझ्याकडे कामाला येते ती माझ्यापेक्षा गोरी आहे. आणि माझी वहिनी, बँकेत मॅनेजर, ती माझ्यासारखीच काळी. मालिकेत काळी वहिनी एकदा दाखवा, मी स्वतः येऊन मेकअप करते, शिफ्टचे पैसे नकोत.

नको, पैसे घेणार. आत्ताच एडी काय म्हणाला!

कॉलशीट

सगळ्यांचे आभार. चार रात्री हे उघडून बसले होते. ब्रिटिश मसुदा बाजूला ठेवला आणि मराठीत लिहिलं, इंग्रजी नंतर करून घेऊ. सेटवर भिंतीला लावायचं तर स्पॉटदादांना वाचता आलं पाहिजे.

दीड पान झालंय. त्यातलं थोडं इथे देते.

‘कास्टिंगच्या ब्रीफमध्ये रंग लिहायचा असेल तर कथेत त्याचं कारण काय, ते पुढच्या ओळीत लिहायचं. कारण लिहिता आलं नाही तर रंग खोडायचा. कुणाचाही रंग मेकअपने बदलून दुसऱ्या समाजाचं पात्र करायचं नाही.’

‘शिकाऊ म्हणून आलेल्यालाही पहिल्या दिवसापासून पैसे. बोलीसाठी मदत घेतली तर ते वेगळं काम, त्याचे वेगळे पैसे आणि श्रेयनामावलीत नाव.’

‘चहा, पाणी, जेवण कुणाच्याही हातचं नाकारल्यास आणि कारण जात किंवा धर्म असल्यास ड्यूटी बदलायची ती नाकारणाऱ्याची.’

शेवटचं वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. कलाकाराची ड्यूटी कशी बदलणार, हे मलाही नीट माहीत नाही. पण स्पॉटची बदलणार नाही एवढं ठरलं.

काल सरांना दाखवलं. बेसच्या पैशाला लगेच हो म्हणाले. शिकाऊंच्या पैशावर कॅल्क्युलेटर काढला, बराच वेळ बडवला आणि "दोनच घेऊ मग, चार नको," म्हणाले. म्हणजे नियम मान्य, जागा अर्ध्या. याचं काय करायचं ते कळत नाहीये. ‘जात’ या शब्दावर मात्र अडले. "परदेशी लोक वाचणार. त्यांना वाटेल आपल्याकडे हे चालतं." मी म्हटलं, सर, चालतं. मग त्या बाईंचं आणि चहाचं सांगितलं. त्यांना माहीत नव्हतं. जनरेटर व्हॅनकडे मीच पाठवलं हेही सांगितलं. गप्प बसले, मग म्हणाले, "तो पोरगा आहे का अजून?" नाही, दिवाळीनंतर यायचा बंद झाला. शब्द तूर्त राहिलाय.

हेअरड्रेसरशी बोलले. म्हटलं, ‘मोमो’ बंद करायला सांगते वॉकीवर. ती म्हणाली, "ताई, सांग. पण मी तक्रार केली असं नको सांगू." त्यामुळे तक्रार कुणाकडे करायची या परिच्छेदात माझं नाव होतं ते काढलंय. ज्याच्या हातात उद्याचा कॉल आहे त्याच्याकडे कोण तक्रार करेल? पुढची_तारीख, कंपनीबाहेरचा माणूस नेमता येतो का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

पावडरपफ ताई, सोमवारपासून मढला आठ दिवसांचं काम आहे, मेकअपला एक जण हवंय. जाहिरात टाकलीय, दरासकट, पण तुम्ही अर्ज करालच असं नाही म्हणून इथेही सांगते. हो, म्हणजे परत ओळखीनेच झालं. एडी, हसू नका.